केसाच्या एका सेंटीमीटरात एक महिना: ग्रासी नॅरोज आणि पाऱ्याची मोजणी

पाणकणीस

गेल्या जुलैत इथे कॅनडात केनोराजवळच्या एका तळ्यावर मासे पकडायला गेलो होतो. विनिपेगहून दोन-अडीच तासांचा रस्ता. नवऱ्याची तयारी जय्यत होती, तिरफळं, कोकम, घरून वाटून नेलेलं खोबरं. मी तोवर फोनवर ऑन्टारियो सरकारचा मासे खाण्याचा तक्ता उघडून बसले. तळ्याचं नाव, माशाची जात, माशाची लांबी आणि पुढे महिन्यातून किती वेळा खायला हरकत नाही तो आकडा. लहान मुलं आणि मूल होऊ शकणाऱ्या बायका यांच्यासाठी वेगळी ओळ. आमच्या तळ्याचे आकडे बरे होते. उगाच चाळा म्हणून तक्ता पुढे सरकवत गेले आणि वाबिगून नदीच्या खालच्या अंगाच्या तळ्यांशी येऊन थांबले. तिथे मोठ्या माशांपुढे शून्यं दिसायला लागली.

त्या शून्यांमागची गोष्ट इथे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. ड्रायडन गावात कागदाची गिरणी. १९६२ ते १९७० या काळात तिच्या रसायन कारखान्यातून नऊ-दहा टन पारा नदीत गेला. कारखाना रीड पेपर कंपनीचा. नदीच्या खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज आणि त्याच्याही पुढे व्हाइटडॉग ही अनिशिनाबे (ओजिब्वे) या इथल्या मूळ रहिवाशांची दोन गावं. ग्रासी नॅरोजचं त्यांच्या भाषेतलं नाव असुबपीशोसीवागाँग. या गावाला तर सरकारने १९६३ मध्येच जुन्या जागेवरून उठवून रस्त्याकाठी नव्या वसाहतीत आणून बसवलं होतं. म्हणजे घर हललं आणि त्याच सुमाराला पाणीही नासलं.

गावातले कितीतरी पुरुष पर्यटकांचे मासेमारी गाईड होते. सकाळी पाहुण्याला होडीतून न्यायचं, दुपारी काठावर चूल मांडून पकडलेला मासा तळायचा, पाहुण्याला वाढायचा आणि स्वतःही खायचा. पाहुणा आठवडाभराने घरी जाई. गाईड पूर्ण हंगामभर रोज तेच जेवत असे. १९७० मध्ये मासेमारीचा धंदा बंद झाला, लॉज बंद पडले, रोजगार गेला. घरातलं खाणं मात्र एका आदेशाने बंद होत नाही.

आता मला खरं बोलायचंय ते मोजणीबद्दल. सरकारने काहीच मोजलं नाही, असं झालेलं नाही. उलट १९७० पासून १९९७ पर्यंत केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याचे लोक येत राहिले आणि केस आणि रक्ताचे नमुने घेत राहिले. बाळंतपणात नाळेचं रक्तसुद्धा तपासलं गेलं. मी स्वतः एका प्रयोगशाळेत नमुने स्वीकारण्याच्या टेबलावर काम करते (कुठल्या, ते सोडा). नळीला बारकोड चिकटला की नळीतलं माणूस आमच्यापुरतं संपतं, हे मला रोज दिसतं. म्हणून या गोष्टीने मला जास्त अस्वस्थ केलं.

केस का, तर मिथाइल पारा (माशातून अंगात जातो तो) रक्तातून वाढत्या केसात उतरतो आणि एकदा उतरला की तिथेच राहतो. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मानेच्या वर, मागच्या बाजूने एक बट मुळाशी कापायची, मुळाकडचं टोक कुठलं त्याची खूण करायची, मग सेंटीमीटर-सेंटीमीटरचे तुकडे करायचे. बारा सेंटीमीटरच्या वेणीत वर्षाची रोजनिशी असते. मासेमारीच्या हंगामानंतर आकडा चढलेला, बर्फाच्या महिन्यांत उतरलेला.

आणि रक्त? रक्तातला मिथाइल पारा साधारण पन्नास दिवसांत निम्मा होतो. म्हणजे १९७५ मध्ये ज्याच्या अंगात भयंकर पारा होता, त्याची आज तपासणी केली तर रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. पारा निघून गेला, मेंदूतल्या ज्या पेशी गेल्या त्या गेल्या. हात थरथरतो, बोटांना स्पर्श कळत नाही, नजरेच्या कडा अंधारतात, पण कागद म्हणतो नॉर्मल. अशा माणसाकडे पुरावा एकच उरतो: तेव्हाची बट आणि तेव्हाचा आकडा. तो आकडा कुठल्या तरी फायलीत. माणूस मात्र १९८६ मध्ये नेमलेल्या नुकसानभरपाई मंडळापुढे आपली लक्षणं सिद्ध करत बसलेला. मंजूर झालेल्यांना महिन्याला २५० ते ८०० डॉलर मिळत, आणि २०१८ पर्यंत ही रक्कम महागाईप्रमाणे वाढली नाही. तीस वर्षं तेच २५०.

ते जुने आकडे मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिले गेले ते २०२० मध्ये. फिलिबेर, फियों आणि मर्ग्लर या संशोधकांनी ६५७ जणांची केसांची मापं घेऊन अभ्यास छापला, समाजाला बरोबर घेऊन. निष्कर्ष: केसातल्या पाऱ्यात दर सव्वासहा पीपीएम (दहा लाख भागांत सव्वासहा भाग) वाढीमागे आयुष्य साधारण एका वर्षाने कमी. सव्वासहा पीपीएम म्हणजे किती? कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या जुन्या मापाप्रमाणे सहाच्या आत 'ठीक', सहा ते तीस 'वाढता धोका', तीसच्या वर 'धोक्यात'. म्हणजे 'ठीक'ची अख्खी पायरी चढायची आणि एक वर्ष मोजून द्यायचं.

मोजणारे मोजत होते तेव्हाच कोणी हे ताडून पाहिलं असतं तर? जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

---

कातळखोदाई

वाचनखूण साठवली. एक अडाणी प्रश्न. कागदाच्या गिरणीला पारा कशाला लागतो? कागद तर लाकडाचा.

---

पाणकणीस

@कातळखोदाई, अडाणी नाही, मलाही हाच पडला होता. कागद पांढरा करायला क्लोरीन लागतो. क्लोरीन मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात. जुन्या पद्धतीत त्या टाकीच्या तळाशी पाऱ्याचा वाहता थर असायचा, तोच ऋण ध्रुव. सोडियम पाऱ्यात विरघळतो, मग पाण्याशी गाठ घालून त्याचा कॉस्टिक सोडा करायचा आणि पारा परत टाकीत. कागदावर हे चक्र बंद आहे. प्रत्यक्षात थोडा थोडा पारा धुणावळीत, गाळात, हवेत निसटत राहतो. नदीत सोडणं १९७० मध्ये थांबवलं, पाऱ्याच्या टाक्या पूर्ण बंद झाल्या १९७५ मध्ये.

---

नाडीवरबोट

धागा चांगला आहे. व्यवसायजन्य आजारांत काम करतो म्हणून दोन-तीन गोष्टी.

'पारा तपासा' असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न, कुठला पारा? माशातून येतो तो मिथाइल पारा, त्याला केस किंवा पूर्ण रक्त. कारखान्यात, सोनाराच्या भट्टीत वाफेने जातो तो धातुरूप पारा, त्याला लघवी. मासे खाणाऱ्याची फक्त लघवी तपासली तर जवळजवळ काही सापडणार नाही, आणि 'काही नाही' असं लिहून मोकळं होता येतं. केसातला आकडा रक्ताच्या साधारण २५० ते ३०० पट असतो, म्हणून केसातले सहा पीपीएम आणि रक्तातले लिटरला २० मायक्रोग्रॅम हे एकमेकांचे भाऊ. गरोदर होऊ शकणाऱ्या बायका आणि मुलांसाठी पुढे हा २०चा आकडा ८वर आणायचं सुचवलं गेलं, कारण गर्भाचा वाढता मेंदू सगळ्यात नाजूक.

दुसरं, नदीत गेला तो पारा मिथाइल नव्हता. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नाही तिथे, सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात, ते त्याचा मिथाइल पारा करतात. मग शेवाळ, किडे, छोटा मासा, मोठा मासा, प्रत्येक पायरीला साठा वाढत जातो. म्हणून पाईक आणि पिकरेलसारखे शिकारी मासे सगळ्यात वाईट. तो माशाच्या स्नायूत बसतो. कातडी काढा, चरबी काढा, तळा, उकडा, फरक पडत नाही.

---

तिरकसराव

लेख भावनेने लिहिलाय, हरकत नाही. पण एका गोष्टीकडे कानाडोळा होतोय. या गावांत गरिबी, दारू, मधुमेह, वाईट घरं, दूरचं हॉस्पिटल हे सगळं आहे. माणसं लवकर जातात याचं खापर पाऱ्यावरच फोडायचं कसं? संशोधकांना जे शोधायचं असतं ते सापडतं.

---

पाणकणीस

@तिरकसराव, हा प्रश्न १९७५ पासून विचारला जातोय, फक्त तुमच्यापेक्षा कमी सभ्यपणे. तेव्हा जपानहून कुमामोतोचे डॉ. मासाझुमी हारादा आले होते. मिनामाता म्हणजे जपानमधलं गाव, तिथेही कारखान्याच्या पाऱ्याने माशांतून विषबाधा झाली होती; तिथल्या रोग्यांत आयुष्य घालवलेला हा माणूस. त्यांना इथे तीच खूण दिसली: हातमोजे-मोज्यांसारखी बधिरता, नजरेच्या कडा आकसणं, तोल जाणं. इथले डॉक्टर म्हणत होते की आकडे जपानइतके मोठे नाहीत, हे दारूचं असेल. हारादांचं म्हणणं असं की थोडा थोडा पारा वर्षानुवर्षं गेला तर काय होतं, हे जपानच्या तीव्र विषबाधेच्या मापाने तोलू नका. ते पुढेही परत परत येऊन तीच माणसं तपासत राहिले. २०१२ मध्ये गेले.

आता तुमचा मुद्दा. २०२० च्या अभ्यासात तुलना गावाची शहराशी नाही, गावातल्याच माणसांची एकमेकांशी आहे. साठीच्या आत गेलेले आणि त्याच काळात जन्मून साठी ओलांडलेले. गरिबी तीच, रस्ता तोच, दवाखाना तितकाच लांब. पाऱ्याचा आलेख मात्र वेगळा. याने बाकीची कारणं शून्य होत नाहीत, हे मान्य. पण 'सगळंच वाईट होतं, मग पारा कशाला मोजायचा' हेही पटत नाही.

---

नाडीवरबोट

@तिरकसराव, शिवाय दारू किंवा मधुमेहातली बधिरता बहुतेकदा पायांपासून वर चढते. ओठांभोवतीची बधिरता आणि दोन्ही डोळ्यांच्या कडा एकाच वेळी जाणं याला दारूचं कारण द्यायला मला तरी अवघड जाईल. तपासणाऱ्याने नुसतं बोट धरून चालवून पाहिलं तर नजरेतून सुटतं हे. वेळ काढून बसावं लागतं.

---

तिरकसराव

गावातल्या गावात तुलना, हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. मागे घेतो. तेवढाच.

---

वेंगुर्ल्याची आवाठ

माका ह्या तक्त्याचा वाचून कसासाच झाला. (बाकीच्यांसाठी: कसंसंच झालं.) आमच्याकडे उद्या कोणी पाटी लावली की 'बांगडो महिन्यात एकदाच', तर आजी त्या पाटीवरच मासे सुकत घालील. मासा म्हणजे नुसतं खाणं नाही, मुलग्याला होडीत घेऊन जायचं निमित्त असतं, शेजारणीला वाटा द्यायचा असतो. बंद करा म्हणणाऱ्याला त्या जागी दुसरं काय ठेवणार, हे सांगावं लागतं. तिथे काय ठेवलं?

---

पाणकणीस

@वेंगुर्ल्याची आवाठ, दुकान. रस्त्याने येणारं डबाबंद आणि पांढरा पाव.

याचं दुसरं उदाहरण क्वेबेकमधल्या जेम्स बेच्या क्री या मूळ रहिवाशांचं. तिथे कारखाना नव्हता, धरणं होती. ला ग्रांद नदीवर मोठे जलाशय झाले, जंगल बुडालं, बुडालेल्या मातीत आणि पाल्यात जिवाणूंची चंगळ झाली आणि माशांतला पारा कित्येक पट वाढला. १९८६ मध्ये क्री, क्वेबेक सरकार आणि वीज कंपनी यांच्यात पाऱ्यावर वेगळा करार झाला. केस तपासणी नेटाने चालली, आकडे खाली आले. पण निदान काही प्रमाणात, आकडे खाली आले ते माणसांनी मासा सोडला म्हणून. तिथल्या आरोग्यवाल्यांनाच मग सांगावं लागलं की हा मासा नको पण तो खा, लहान खा, पांढरा मासा खा. निव्वळ भीती घातली की माणसं चांगला मासाही सोडतात, आणि त्याच्या जागी येतं ते डॉक्टरांना आणखी नको असतं.

म्हणून मला ते तक्ते आवडतात, शून्यं असली तरी. जात आणि लांबी सांगतात. 'मासे खाऊ नका' असं सरसकट सांगत नाहीत.

---

सोनमोहर

ब्राझीलचं कोणीच बोललं नाही म्हणून. तिथे अवैध सोन्याच्या खाणी, गारिंपो. गाळात पारा ओततात, सोन्याचे कण पाऱ्याला चिकटतात, मग तो गोळा पेटवून पारा उडवायचा आणि सोनं ठेवायचं. वाफ खाणवाल्याच्या छातीत, उरलेलं नदीत. फियोक्रूझ या सरकारी आरोग्य संस्थेने मुंदुरुकू या मूळ रहिवाशांच्या तीन गावांत २०१९ मध्ये तपासणी केली, २०० जणांपैकी प्रत्येकाच्या केसात पारा होता आणि निम्म्याहून जास्त जणांचा सहाच्या वर. यानोमामी या दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या मुकाजाई नदीकाठी २०२२ मध्ये जवळपास ३०० नमुने, त्यात ८४ टक्के दोन पीपीएमच्या वर. फरक एवढाच की ग्रासी नॅरोजला नळ एक होता, तो बंद झाला. इथे हजारो छोटे नळ आहेत आणि सोन्याचा भाव वाढला की आणखी उघडतात. आपण धनत्रयोदशीला रांगा लावतो, त्या भावाला.

---

घाटवाटाड्या

आपल्याकडचं कोडाईकनाल आठवलं. थर्मामीटरचा कारखाना, मूळ यंत्रं अमेरिकेतून आणलेली. २००१ मध्ये भंगारवाल्याच्या आवारात पाऱ्याच्या काचांचा ढीग सापडला आणि बोभाटा झाला, कारखाना बंद. २००३ मध्ये काही शे टन कचरा परत अमेरिकेला पाठवावा लागला. कामगारांशी तडजोड झाली २०१६ मध्ये, ५९१ जण. पंधरा वर्षं. तिथेही भांडण हेच, की कामावर असताना कोणाच्या लघवीत किती होतं त्याचे कागद कोणाकडे, आणि आज तपासून काय कळणार.

---

नाडीवरबोट

@घाटवाटाड्या, अगदी. धातुरूप पाऱ्यातही तेच, लघवीतला आकडा महिन्यांत उतरतो. त्या वेळचा कागद नसेल तर पुढे डॉक्टरही हात वर करतो.

---

रसवैद्य७७

आपल्याकडे पारा शोधन करून हजार वर्षं औषध म्हणून देतात, त्यावर कोणी का बोलत नाही? शुद्ध पारद आणि कारखान्याचा पारा एक नव्हे.

---

नाडीवरबोट

बोलू की, वेगळ्या धाग्यावर. इथे मासा खाणाऱ्या माणसाने काही निवडलेलं नाही, एवढाच फरक लक्षात ठेवा.

---

शाईचाडाग

प्रश्न पाणकणीस यांना. आता तिथे तपासणी होते तेव्हा निकाल माणसांना मिळतो का? आणि नदी साफ झाली का?

---

पाणकणीस

@शाईचाडाग, दुसऱ्याचं आधी. नाही. गाळ तिथेच आहे. ऑन्टारियोने २०१७ मध्ये सफाईसाठी ८५ दशलक्ष डॉलर बाजूला काढले. २०२४ मध्ये वेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की गिरणीतून आजही नदीत जाणारं सल्फेट आणि सेंद्रिय द्रव्य हे मिथाइल पारा बनण्याला खतपाणी घालतंय. वर नाडीवरबोट यांनी सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं सांगितलंय ना, त्यांना घरपोच डबा. नवा पारा टाकायची गरजच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गावाने दोन्ही सरकारांवर खटला भरला.

निकालाचं. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी (मूळ रहिवाशांच्या समाजांनी) १९९०च्या दशकाच्या अखेरीस माहितीबद्दल स्वतःची चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि ताबा. थोडक्यात, आमच्या केसांची आकडेवारी आमची. अभ्यास करायचा तर गावाला विचारून, निकाल आधी गावात. २०१८ चा ग्रासी नॅरोजचा आरोग्य अहवाल आणि वरचा २०२० चा अभ्यास याच वाटेने झाले. मुलांवर, नातवंडांवर परिणाम कसा उतरला याचा २०२३ मध्ये आणखी एक छापून आला, तो वाचायला जड आहे, तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांबद्दल आहे.

आमच्या टेबलावर केसांची बट असलेलं पाकीट कधीमधी येतं. बाहेर खूण असते, हे टोक मुळाकडचं. कोणाची ते आम्हाला कळत नाही, कळूही नये. पण आता मी खूण नीट आहे का ते दोनदा बघते. उलटी लागली तर माणसाचा जुलै डिसेंबरात जातो.

---

कातळखोदाई

एक अवांतर. टक्कल असेल तर?

---

नाडीवरबोट

रक्त. किंवा दाढी नसेल वाढवली तर नखं, पण नखांचं माप जरा भोंगळ असतं. आणि केस रंगवत किंवा पर्म करत असाल तर आधी सांगा, रसायनांनी काही पारा धुऊन जातो, आकडा खोटा कमी येतो.

---

वेंगुर्ल्याची आवाठ

आणि आमचो बांगडो?

---

नाडीवरबोट

बांगडा, तारली, मांदेली, बोंबील बिनधास्त. छोटे मासे, थोडं आयुष्य, पारा साठायला वेळच नाही. मोरी आणि मोठा टूना मात्र गरोदरपणात टाळावा.

---

वेंगुर्ल्याची आवाठ

देव बरें करो. आणि पाणकणीस, त्या दिवशी कालवण झालं की नाही?

---

पाणकणीस

झालं. दोन पिकरेल मिळाले, लहान. नवऱ्याने टेप काढून लांबी मोजली, तक्त्यात पाहिलं आणि मगच कोकम भिजत घातलं.